पूर्वेची भिंत

सोनखडीच्या ख्रिस्ती दफनभूमीला तीनच भिंती आहेत. पूर्वेची बाजू उघडी. शेळ्या शिरतात, ओढ्याचा गाळ येतो. पण चौथी भिंत कोणी घालत नाही. पाहुण्यांनी कारण विचारले, की म्हातारे शमुवेल मास्तर आधी कबुली देतात: आजीकडून ऐकलेले आहे, साल आठवत नाही, गोष्टीतले मूल मुलगा होता की मुलगी याचीही खात्री नाही. मग सांगू लागतात, आणि आवाज चढतो.

त्या काळी पाळकसाहेब वर्षातून एकदाच, ईस्टरला, घोड्यावरून येत. राहेलचे मूल माघात जन्मले. बाप्तिस्म्यासाठी ती तीस मैल चालत जायला निघाली, तर मंडळीचे पंच योनाबाबा यांनी अडवले. "ईस्टर आलाच की. घाई कसली, पोरी?"

ती थांबली. उत्तम शुक्रवारी, ईस्टरला दोनच दिवस उरले असताना, मूल तापाने गेले. आणि तेच योनाबाबा, त्याच तोंडाने म्हणाले, "बाप्तिस्मा न्हाई. कुंपणाबाहेर पुरा."

"शेवटल्या दिवशी समदी मेलेली उठतील, तवा उठंल का हो ते, बाबा?" राहेलने विचारले. बाबा खड्ड्याची जागा दाखवायला चालू लागले.

शनिवारी साऱ्या मंडळीने आपापल्या थडग्यांना चुना दिला. राहेलला कुंचला कोणी दिला नाही. एवढ्याशा मातीच्या ढिगाला तिने हातानेच चुना लावला.

ईस्टरच्या पहाटे मंडळी आत, पूर्वेकडे तोंड करून उभी राहिली. तेव्हा पूर्वेलाही भिंत होती; राहेल तिच्या पलीकडे, ढिगापाशी. सूर्य वर आला, आणि पुरुषभर उंच भिंतीची सावली आतल्या थडग्यांवर पडली, पंचांच्या वाडवडिलांवरही. बाहेरचा ढीग तेवढा उजळला.

"या की, बघा इकडं!" राहेल कडाडली. "तुमची अजून अंधारात हाईत! थांब म्हणाला कोण, बाबा? मी का तुम्ही? आन् प्रभूला कुठं मारलं, वेशीच्या आत का बाहेर? बाहेरच की! त्यालाबी कुंपणाबाहेरच पुरला असता तुम्ही!"

पाळकसाहेबांनी पुस्तक मिटले. भिंतीचा पहिला दगड, म्हणे, योनाबाबांनीच काढला. मूल उठेल का, हे राहेलने पुन्हा कोणाला विचारले नाही.

आजही ईस्टरच्या आदल्या दिवशी चुन्याचा पहिला हात त्या लहानग्या थडग्यावर फिरतो. कुंचला न घेता, हातानेच.

पहिल्या दगडाची गोष्ट मास्तरांना मात्र कधी पटली नव्हती. पंच कुठे असे नमतात? पुढे कैक वर्षांनी नळाची चारी खणताना जुन्या भिंतीचा पाया लागला. मास्तर स्वतः जाऊन पाहून आले. पायाच्या बाहेर दोन थडगी आहेत. एक हातभर लांबीचे, चुना दिलेले. त्याला लागून मोठे. त्यावरचे शेवाळ खरवडल्यावर नाव निघाले: योना.