दुसरा तांडेल

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनीही हातातलं काम जरा बाजूला ठेवून ऐकावी.

एका खाडीच्या दोन काठांवर दोन गावं होती. दरवर्षी देवीच्या जत्रेला दोन्ही गावांच्या होड्यांची शर्यत लागे. जी होडी जिंकेल, तिच्यातून देवीची पालखी खाडीपार जाई. त्या मानासाठी माणसं वर्षभर घाम गाळत.

अलीकडच्या गावाने हा मान कित्येक वर्षं राखला होता, तो त्यांच्या तांडेलामुळे. तो होडीच्या मागच्या टोकाला सुकाणू धरून उभा राही आणि हाळी देई, "हो... हो... हैय्या." त्या हाळीवर सगळी वल्ही एकदम पाण्यात पडत. वळण घेण्याआधी त्याला घसा खाकरायची सवय होती. तो नुसता खाकरला तरी वल्हेकऱ्यांचे हात समजून जात.

पण तांडेल म्हातारा झाला. एका वर्षी जत्रा जवळ आली तेव्हा गावचा पाटील म्हणाला, "तांडेल, तुमचा खांदा दुखतो हे सगळ्यांना दिसतंय. होडीत एक दुसरा तांडेल तयार ठेवा. वेळ आलीच तर असावा."

तांडेलाच्या मनाला ते लागलं. तरी तो म्हणाला, "माझ्या भाच्याला घेतो."

भाचा स्वभावाने गरीब होता. मामा म्हणेल त्याला मान हलवायचा. सुकाणू हातात दिलं की तो ते लगेच मामाकडे परत देई.

जेवायला वाढताना तांडेलाची बायको म्हणाली, "तुम्हाला दुसरा तांडेल हवाय, की शेजारी उभा केला की तुम्ही मोठे दिसाल असा माणूस हवाय?"

तांडेल भात कालवत राहिला. पण दुसऱ्या दिवशी त्याने भाच्याचं नाव मागे घेतलं.

मग पाटलाने लांबच्या बंदरावरून एक नावाजलेला तांडेल आणला. माणूस दांडगा, आवाज ढोलासारखा. पण त्याची हाळी निराळी होती. वल्हेकरी आधी ऐकत, मग विचार करत, मग वल्हं मारत. होडी लंगड्यासारखी चाले.

"तुमची माणसं चांगली आहेत आणि मीही वाईट नाही," तो पाटलाला म्हणाला. "पण आमचं एकमेकांना कळायला वर्ष जाईल." आणि तो आपल्या बंदराला परत गेला.

आता होडीत मधल्या फळीवर एक वल्हेकरी बसे. त्याला सगळे नकल्याच म्हणत. विसाव्याला होडी थांबली की तो उभा राहून तांडेलाची नक्कल करी. तेच खाकरणं, तीच हाळी. सगळे पोट धरून हसत, आणि तांडेल चिडे.

"माझी थट्टा करतोस रे?"

"थट्टा नाही, तांडेलकाका. इतकी वर्षं तुमच्याच तोंडाकडे बघत वल्हं मारतोय. दुसरं बघायला आहे काय होडीत?"

एका सकाळी तांडेलाला कणकण आली. होडी त्याच्याशिवायच सरावाला गेली. खाडीवर दाट धुकं होतं. जरा बरं वाटल्यावर तांडेल घोंगडी पांघरून काठावर आला. बायको पहाटेच घराबाहेर पडून तिथे मासळी निवडत बसली होती. त्याला पाहून ती दचकली.

"अगं बाई, तुम्ही इथे? मग होडीत कोण आहे?"

तेव्हा त्यालाही ऐकू आलं. धुक्यातून त्याचीच हाळी येत होती.

त्याला राग आला. पण कान तसाच लावून तो उभा राहिला. धुक्यात कुणीतरी घसा खाकरला, आणि होडी वळल्याचा आवाज आला. सगळी वल्ही एकदम पडत होती. तांडेल बदललाय, हे एकाही हाताला कळलं नव्हतं.

त्याचा राग हळूहळू उतरला.

होडी काठाला लागली. तांडेल म्हणाला, "नकल्या, उद्यापासून रोज थोडा वेळ सुकाणूवर उभा राहा. माझ्यासमोर."

"आणि शर्यतीत, काका?"

"शर्यतीत वल्हं मारायचं. तुझी पाळी कदाचित येणारही नाही."

"नाही आली तर नाही आली. नक्कल करायला तुम्ही आहातच."

तांडेल पहिल्यांदाच त्याच्या बोलण्यावर हसला.

शर्यतीच्या दिवशी अर्ध्या वाटेवर पाण्याखालचा ओंडका सुकाणूला धडकला. सुकाणू उसळून तांडेलाच्या खांद्यावर बसलं. हात लुळा पडला. होडीचं तोंड भलतीकडे फिरलं.

नकल्या उठला आणि सुकाणूवर गेला. पलीकडच्या होडीतून कुणी ओरडलं, "अरे बघा, सोंगाड्याच्या हाती होडी दिली."

नकल्याने घसा खाकरला. या वेळी कुणी हसलं नाही. वल्ही एकदम पडली आणि होडी सरळ झाली. आणि म्हातारा तांडेल नकल्याच्या रिकाम्या जागी बसून एका हाताने वल्हं मारू लागला.

बराच वेळ नकल्याने तीच जुनी हाळी दिली. सगळ्यांचे श्वास जुळल्यावर मात्र त्याने ती सोडली, आणि स्वतःच्या बारीक आवाजात जलद हाळी सुरू केली. तोवर वल्हेकऱ्यांचे हात त्याचे झाले होते. होडी जेमतेम पुढच्या टोकाएवढ्या अंतराने पुढे निघाली आणि जिंकली.

पालखी होडीत आली. पाटील मानाचा नारळ घेऊन तांडेलापाशी गेला.

"सुकाणूवर मी नव्हतो, पाटील," तांडेल म्हणाला.

"पण हाळी तर तुमचीच होती."

"अर्धी माझी. शेवटची त्याची. आणि त्याच्या हाळीवर मी वल्हं मारलंय."

असं सांगताना म्हाताऱ्याची छाती अशी फुगली होती, की तो स्वतः जिंकला तेव्हाही ती कधी एवढी फुगली नव्हती. नारळ त्याने नकल्याच्या हातात दिला, आणि होडी पालखी घेऊन निघाली.

म्हणून सांगतो, आपल्यामागे उभा करायचा माणूस निवडताना तो आपल्यापेक्षा लहान की नावाने मोठा हे पाहू नये. आपला हात सुटला तर बरोबरच्यांचे हात त्याच्या शब्दावर चालतील का, एवढंच पाहावं.