न धुतलेली गौर

दिल्लीत वनस्पतिशास्त्र शिकताना ऋजुता आपल्या वेळकातळ गावाचा रिवाज मैत्रिणींना अभिमानाने सांगायची. गौरीसाठी तेरडा मुळासकट आणतात, पण मुळांची माती धुवत नाहीत. सण सरला की रोपं पुन्हा जमिनीत. फुलं जपायची केवढी शहाणी रीत! शिक्षण संपवून ती परतली ती याच विश्वासाने. तेरड्याच्या रोपवाटिकेसाठी सरपंचांनी तिला जागा देऊ केली, आणि गावच्या जुन्या तळीवर लावायच्या पाटीचा मजकूरही तिनेच लिहायचा ठरला. पण तळीच्या काठी, गुलाबी तेरड्याच्या दाटीत उभे राहून बाबल गुरव पाहुण्यांना सांगत होते ते निराळंच होतं.

कातळात खोदलेल्या या तळीत म्हणे पाणी ठरत नसे. गावाने देवीला कौल लावला. सणाला आलेली माहेरवाशीण तळीला द्यावी, असा कौल मिळाला. गावच्या मुखत्याराची लेक सगुणा त्याच दिवशी माहेरी आली होती. बापाने तिच्या हाती तेरड्याची जुडी दिली आणि मुळं धुऊन आण म्हणाला. तळाशी ओंजळभर पाणी होतं. ती शिडीने खाली उतरली. वरच्या ओढ्याचा बांध फोडला गेला, आणि गावासाठी तिने आपणहून देह ठेवला, असं सांगतात. जुडी तेवढी तरंगत वर आली, काठाला रुजली. तेव्हापासून मुळं धुवायला लेकीला कुणी पाठवत नाही. आजही तळी आटत नाही, आणि आजही इथली गौर माती लागलेल्या मुळांनीच पाटावर बसते.

पाहुणे हात जोडून निघून गेले.

“काका, पाणी चढलं तेव्हा ती शिडीने वर का नाही आली?” ऋजुताने विचारलं.

“शिडी बापाने आधीच ओढून घेतली होती.”

“मग आपणहून कसं?”

“दिल्लीला मुळांचंच शिकलीस ना पोरी, आता खणतच बसणार,” बाबल हसले. मग तळीकडे बघत म्हणाले, “तसं सांगतात. ती काय वर आली नाही सांगायला.”

हे सरपंचांच्या कानावर गेलं. संध्याकाळी त्यांनी निरोप धाडला: पाटीवर ‘आपणहून’ असायलाच हवं, नाहीतर रोपवाटिकेची जागा विसर.

सकाळी उठून ऋजुता रंगाऱ्याकडे गेली. मजकूर एकाच ओळीचा होता: ‘सगुणाला इथे तिच्या बापाने आणि आपल्या गावाने बुडवलं.’