एकही भोक नसलेली पानं

फार वर्षांपूर्वी, दूर अमेरिकेत, एका बागेच्या कुंपणाशी रुईसारखी चिकाची झुडपं होती. केशरी फुलपाखरं त्यांच्यावरच अंडी घालत; त्यांच्या अळ्यांना दुसरं पान चालत नसे. पण पानं सदा कुरतडलेली दिसतात म्हणून मालकिणीने ती झुडपं उपटली आणि परदेशातली एक तजेलदार वेल लावली.

पुढच्या उन्हाळ्यात अंड्यांनी जडावलेलं एक फुलपाखरू तिथे आलं.

"इथली झुडपं कुठे गेली, ताई?"

"काढली. पण मी त्यांच्याच भावकीतली," वेल म्हणाली. "बस की. माझी पानं बघ. आजवर कुणी एक घास घेतला नाही."

"मग माझ्या पोरांना पोटभर मिळेल," फुलपाखरू म्हणालं. त्याने सगळी अंडी तिच्यावर घातली आणि तिथेच पंख मिटले.

चार दिवसांनी अळ्या निघाल्या. त्यांनी पानाला तोंड लावलं आणि सोडून दिलं.

"खा गं बाळांनो, थोडं तरी खा," वेल दिवसभर विनवत राहिली. संध्याकाळपर्यंत एकेक करून सगळ्या खाली गळल्या.

सकाळी मालकीण पाणी घालायला आली. पानांवरून हात फिरवत म्हणाली, "किती गुणाची आहेस. एक भोक नाही."

वेलीने पानं मिटायचा प्रयत्न केला. तिला ते येत नव्हतं.