राजाच्या गाण्याला 'पुरे!' म्हणणारं गाव

"पुरे!" राजा गंभीरसिंहानं तान घेतली रे घेतली, की श्रोत्यांतून रोज आवाज यायचा. पण ओरडलं कोण? सगळ्यांच्या तोंडावर सारखेच मुखवटे! वाकडी तोंडं दिसली की सूर चुकतो म्हणून ते राजानंच सक्तीचे केले होते. मधलीवाडीचा दामूअण्णा ते भाड्यानं द्यायचा. गाव विचारलं की खरं लपवायला जो तो म्हणायचा, "मधलीवाडी!"

राजानं द्वारपाल हैबतीला फर्मावलं, "उद्यापर्यंत त्या ओरडणाऱ्याचं गाव शोध! शिक्षा म्हणून तिथं महिनाभर मुक्काम ठोकून गाईन! नाहीतर तुझ्या मिशा उतरवीन!"

हैबतीनं श्रोत्यांमागे शिपाई धाडले. श्रोते मुखवटे परत करायला दामूअण्णाच्या घरात शिरले आणि मागच्या दारानं पांगले. शिपायांनी दामूअण्णाला धरलं.

"गिऱ्हाइकाचं गाव सांगितलं तर धंदा बसेल की!" असं म्हणून त्यानं शिपायांच्याच गळ्यात एकेक मुखवटा मारला.

हैबती मिशा कुरवाळत रडू लागला. त्याच्या बायकोचा, सगुणेचा, त्या मिशांवर भारी जीव.

"अहो, रडू नका, भिजतील त्या! उद्या गाण्याआधी सगळ्यांना जेवायला घालू."

दुसऱ्या दिवशी राजासमोर भरल्या वांग्यांची पंगत बसली. मुखवटे जरासे वर सरकवून सगळे जेवू लागले. वाढता वाढता सगुणा मोठ्यानं म्हणाली, "पोटभर खा हो! मधलीवाडीची वांगी आहेत. अख्ख्या मुलखात अशी नाहीत!"

एक मुखवटा थरथरला. "ह्यॅ! आमच्या बोरखेडच्या वांग्यांपुढं या नुसत्या बिया!"

"बोरखेड? आमच्या सांगवणला या, देठासकट खाल!"

बघता बघता गावंच्या गावं हमरीतुमरीवर आली. तेवढ्यात कोपऱ्यातून रोजचाच आवाज कडाडला, "पुरे! राजवाड्याच्या परसातली वांगी मी स्वतः लावलीत. त्यांची सर कुणाला नाही!"

राजा दचकला. "राणीसाहेब! तुम्ही?"

राणीनं मुखवटा काढला आणि उरलेलं वांगं शांतपणे संपवलं.

सगुणा पदर सावरत म्हणाली, "महाराज, तोंड झाकता येतं, पण वांग्यांचा अभिमान झाकता येत नाही. मिळालं तुमचं गाव!"

"पण मग मी ठरवलेली शिक्षा?" राजा पुटपुटला. "राजवाड्यात महिनाभर गायचं?"

"ती तर राणीसाहेब लग्नापासून भोगताहेत, महाराज!" सगुणा म्हणाली.

राजानं डोळे वटारले. मग असा खदाखदा हसला, की आयुष्यात पहिल्यांदा त्याचा सूर बरोबर लागला! सगुणेला राणीच्या परसातली रोपं मिळाली आणि हैबतीच्या मिशांना राजवाड्यातून रोजचं लोणी सुरू झालं.