ताईचा होकार

आई गेल्याचा फोन आला तेव्हा मी गिरणीत दळण ठेवत होते.

तेराव्याला ताई आणि मी एका घरात होतो, पण आमचा अबोला जुना. तेच हेरून आमचे चुलते सरपंचकाका हक्कसोडीचा कागद घेऊन आले. घरातला आमचा वाटा त्यांना हवा होता.

“ताई कबूल झालीय. आता तूही सही कर, मालन.”

“ताई हो म्हणाली? मग माझं नाही समजा. आमचं आजवर कशावर एकमत झालंय, काका?”

स्वयंपाकघरातून ताई कडाडली, “काका, मघाशी मीही हेच म्हटलं ना? तेव्हा तर हिचा होकार सांगत होतात!”

पाहुणे हसले. काकांनी कागद खिशात घातला.

परवा दोघींनी मिळून घराला रंग दिला. अबोला सोडायचा मात्र राहूनच गेला.