दोर धरणारा पोसू

मधाच्या कड्याला अजून नावसुद्धा पडलं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. मोहदरीत पोसू ठाकर राहायचा. माणूस मनानं सोनं, पण राग नाकाच्या शेंड्यावर! पायात काटा मोडला म्हणून त्यानं अख्खी बाभळ तोडली होती, असं म्हणतात. हसा हसा, पण त्याच रागात एकदा त्यानं आईवर हात उगारला. तो हात बघून त्याचा त्यालाच धसका बसला. मग रोज पहाटे तो वाघोबाच्या दगडापाशी डोळे मिटून बसायला लागला. आत काय येतं, काय जातं, नुसतं बघायचा. लोक म्हणायचे, "पोशा कामातनं गेला."

मध काढायला कड्यावरनं दोरानं उतरावं लागे, आणि वर दोर धरायचा तो बायकोच्या भावानंच, अशी तिथली रीत. बहिणीचं कुंकू तो कसा सोडेल?

पोसूची बहीण नामी वाळकूला दिलेली. एके दिवशी वाळकू कड्यावर लोंबकळत होता, दोर पोसूच्या हातात, शेजारी नामी. दोराला जरा हिसका बसला, तसा वाळकू खालनं खेकसला, "ए भिकारड्या! काल तुझ्या बहिणीला बदडली, आज तुला बदडतो!"

पोसूनं वळून बघितलं. नामीच्या गालावर वळ होता. त्याचा हात सैल पडला, दोर वीतभर सरकला.

"दादा!" नामी किंचाळली.

तेवढ्यात पोसू हळूच म्हणाला, "आलास? बस तिकडं. दोर माझ्याकडं हाय." हे तो आपल्या रागाला म्हणाला बरं का! राग निराळा आणि त्याला बघणारा मी निराळा, हे त्याला त्या घडीला लख्ख दिसलं.

खालनं आग्या माश्या उठल्या, पोसूला डोक्यापासून पायापर्यंत झाकून बसल्या. एकही डसली नाही, असं म्हणतात. वाळकूला त्यानं सुखरूप वर ओढलं आणि शांतपणे सांगितलं, "दाजी, नामी आता माझ्या घरी राहील. तुमचा राग तुम्हाला दिसायला लागला, की या न्यायला." वाळकू वर्षभर रोज पहाटे वाघोबाच्या त्याच दगडापाशी बसला, मगच नामी नांदायला गेली. धन्य तो पोसू!

मोहदरीत आजही लग्नात कानपिळी झाली, की दोराचं एक टोक नवऱ्याच्या कमरेला बांधतात, दुसरं नवरीच्या भावाच्या हातात देतात. वरपक्ष भावाला पोटभर शिव्या घालतो. भाऊ म्हणतो, "आलास? बस तिकडं." सगळा मांडव हसतो. नवरी तेवढी हसत नाही, ती भावाच्या हाताकडं बघत असते.