तू नसताना जाऊन बघ

“यंत्र बिघडलंय की मी वेडा झालोय, वस्ताद?”

गफ्फार वस्तादांनी मान वर केली नाही. ते एका जुन्या पंख्याच्या बेअरिंगमध्ये तेल सोडत होते. थेंब पडला, पसरला, तेव्हा कुठे म्हणाले, “दोन्ही एकदम होऊ शकतं.”

प्रज्वल उरकुडेला हसू आलं नाही. हातातली पेटी त्याने दाणकन खाली ठेवली.

मे महिना, चंद्रपूर. दुकानासमोरचं डांबर चपलेला चिकटत होतं. आणि गावात ज्या एका खोलीला आज थंडाव्याची सगळ्यात जास्त गरज होती, त्याच खोलीतला एसी दर चार मिनिटांनी बंद पडत होता.

खोली दयारामजी ठेमस्करांची. तीस वर्षं कोळशाच्या खाणीत काढलेला माणूस. छातीत आता धाप तेवढी उरली होती. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, उद्यापर्यंत खोली थंड झाली नाही तर यांना नागपूरला हलवा. आणि दयारामजींनी बायकोला, चंद्रकलाकाकूंना, सांगून ठेवलं होतं, मला या घरातून हलवू नको.

“काय काय केलंस?” वस्तादांनी विचारलं.

“सगळं! जाळी धुतली. बाहेरच्या युनिटमधला कचरा काढला. गेज लावून गॅस बघितला, बरोबर आहे. कॅपॅसिटर बदलला. सेन्सर नवा टाकला.”

“मग?”

“मग चालतो! तेच तर म्हणतोय. काल तासभर तिथेच बसून राहिलो. एकदाही अडखळला नाही. खोली अशी गार झाली की काकूंनी शाल अंगावर घेतली. मी निघालो, चौकात पोचतो न पोचतो तोच फोन... ‘भाऊ, सुरू झालं पुन्हा. चालू-बंद, चालू-बंद.’ तीन वेळा गेलो, तिन्ही वेळा हेच.”

“म्हणजे तू असलास की बरा. तू गेलास की आजारी.”

“हो.”

“मग बिघाड तुझ्यात आहे, इंजिनीयरसाहेब.”

प्रज्वलचे कान तापले. इंजिनीयरिंग प्रथम श्रेणीत पास झालेला मुलगा. टाकून दिलेल्या यंत्रांपैकी निम्मी वाचवता येतात, अशी त्याची पक्की खात्री, म्हणून कंपनीची नोकरी नाकारून तो या टपरीवजा दुकानात शिकायला आला होता. आणि बर्फाच्या कारखान्यात हयात गेलेला हा म्हातारा त्याच्याशी आठ महिन्यांत एक सरळ वाक्य बोलला नव्हता.

“वस्ताद, तिथे एक माणूस श्वासासाठी तडफडतोय. कोडी नंतर घाला. मी काय करू ते सांगा.”

वस्तादांनी पंखा बोटाने फिरवला. आवाज न करता तो फिरत राहिला.

“तू नसताना तिथे जाऊन बघ.”

“...मी नसताना मी कसा जाणार?”

वस्ताद उठले. टोपी घातली. प्रज्वलने सवयीने पेटी उचलली, तशी त्यांनी ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि टेबलाखाली पायाने सरकवली.

“निदान टेस्टर तरी?”

“चल.”

रिकाम्या हातांचं करायचं काय, हे प्रज्वलला रस्ताभर कळेना. शेवटी त्याने ते खिशात घातले.

दार चंद्रकलाकाकूंनी उघडलं. त्यांची नजर आधी त्याच्या हाताकडे गेली.

“अगं बाई, प्रज्वलभाऊ! पेटी कुठं आहे तुमची?”

प्रज्वलने वस्तादांकडे पाहिलं. त्यांनी मिशीतल्या मिशीत हसून नमस्कार केला. “कामाला नाही आलो, बाई. दयारामजींची तब्येत बघायला आलो.”

“असं होय! मग या जी, बसा. मी म्हटलं, आता पुन्हा सगळं आवरा...”

त्या पाणी आणायला वळल्या. दोघे आत गेले.

आणि प्रज्वल दारातच थबकला.

एसीच्या तोंडासमोर, जेमतेम वीतभर अंतरावर, या खिळ्यापासून त्या खिळ्यापर्यंत एक भलामोठा वाळ्याचा पडदा लटकत होता. ओलाकिच्च. खाली घमेल्यात पाणी टपटपत होतं. खोलीभर वाळ्याचा वास, आणि वासाखाली उकाडा.

ते दोन खिळे त्याने तिन्ही वेळा पाहिले होते. दिवाळीच्या तोरणाचे असतील, असं धरून चालला होता.

“काकू! हा प...”

वस्तादांचा हात त्याच्या दंडावर पडला. “बस.”

तो बसला. पलंगावर तीन उशांना टेकून दयारामजी डोळे मिटून होते. गळ्याखालची त्वचा प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती.

एसी चालू झाला. प्रज्वल मनात सेकंद मोजू लागला. चार मिनिटंही झाली नव्हती... खट्. बाहेरचं युनिट थांबलं.

“बघा,” पाण्याचे पेले ठेवत काकू म्हणाल्या. “पडला.”

प्रज्वलच्या जिभेवर अख्खं व्याख्यान तयार होतं. त्याने ते पाण्याच्या घोटाबरोबर गिळलं.

“काकू, मी येतो तेव्हा हा पडदा कुठे असतो?”

“मागं, दोरीवर. तुमी स्टुलावर चढता, डोक्यावर पाणी टपकते. घरी आलेल्या माणसाले ओलं करावं काय?”

“आणि मी गेल्यावर?”

“गेल्यावर लावते ना पुन्हा. चाळीस वर्षं कूलरपुढे वाळाच होता जी आमच्याकडे. ही मशीन लई कोरडी हवा फेकते, यांना खोकला येते. वाळ्याच्या वासाशिवाय यांचा डोळा लागत नाही.”

एसी पुन्हा चालू झाला, तसा प्रज्वल उठला. एसीच्या वरच्या बाजूला, जिथून यंत्र खोलीतली हवा आत ओढतं, तिथे त्याने तळवा धरला. बर्फासारखा गार झोत. मग पलंगाच्या काठावर हात ठेवला. चादर तापलेली होती.

“काकू, इथे हात ठेवून बघा. आता इथे.”

काकूंनी दोन्हीकडे हात लावून पाहिला. पुन्हा एकदा लावून पाहिला.

“त्याने सोडलेली गार हवा पडद्यावर आपटून त्याच्याच तोंडात जाते,” प्रज्वल हळू आवाजात म्हणाला. “त्याला वाटतं, खोली गार झाली. म्हणून तो थांबतो.”

“म्हणजे... मीच यांना...”

“नाही, काकू. मला विचारायला हवं होतं.”

हे वाक्य आपण बोललो याचं त्यालाच नवल वाटलं.

त्याने खिळ्यावरून पडदा उतरवला. पाणी त्याच्या शर्टावर, बाहीत, थेट कोपरापर्यंत ओघळलं.

“फेकू बाहेर?” वस्तादांनी विचारलं.

प्रज्वल हो म्हणणारच होता, इतक्यात त्याचं लक्ष पलंगाकडे गेलं. दयारामजींनी डोळे उघडले होते. ते पडद्याकडे बघत होते.

“नको.”

पश्चिमेची खिडकी तापून लाल झाली होती. पडदा त्याने बाहेरून, तिच्या काचेवर टांगला. काकूंना विचारून काडीकाडीने एक मूठभर वाळा सोडवून घेतला, वाटीभर पाण्यात बुडवला आणि वाटी दयारामजींच्या उशाशी ठेवली.

मग दोघेही बसले.

एसी चालू झाला. पाच मिनिटं. दहा. काकूंनी पदराने घाम टिपायचं थांबवलं. वीस. चादरीवरचा तळवा प्रज्वलने उचलला नव्हता; तिची ऊब हळूहळू उतरताना त्याला कळत होती. दयारामजींच्या गळ्याखालची ओढ सैल झाली. डोळे मिटले. आणि बऱ्याच वेळाने यंत्र थांबलं, पोटभर जेवून पानावरून उठणाऱ्या माणसासारखं.

कोणीच हललं नाही.

काकू कुजबुजल्या, “आता नागपूरला...?”

“उद्या डॉक्टरांना इथेच बोलवा,” प्रज्वल म्हणाला. “या खोलीत बसवा आणि मग विचारा.”

ते निघायला उठले, तशी दयारामजींची झोप चाळवली. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. स्टूल नाही, पेटी नाही. एका खुर्चीपाशी ओल्या शर्टातला एक मुलगा.

“काय हो...” त्यांनी क्षीण आवाजात वस्तादांना विचारलं, “तो मेकॅनिक येऊन गेला काय?”

वस्तादांनी वाकून उशाशी ठेवलेली वाटी जरा जवळ सरकवली.

“नाही जी,” ते म्हणाले. “आज तो आलाच नाही.”